तक्रारी वाढल्या, म्हणजे छळ वाढला का?

स्त्रियांवरील हिंसाचार थांबवण्यासाठी शिबिरे, मेळावे पुष्कळ झाले. वर्षअखेरीस अहवाल येतो : इतकी शिबिरे, इतकी उपस्थिती. चहापानाचा हिशेबही चोख असतो! घरातली मारहाण कमी झाली का, हे मात्र त्यात सापडत नाही.

तक्रारींचा आकडाही फसवा आहे, असे माझे मत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कोणाची मदत मागितली होती. बाकीच्या दवाखान्यात येतात, त्या ‘पाय घसरून पडले’ असे सांगत. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र निघाले, ते अशा बायांना रुग्णालयातच आधार मिळावा म्हणून. असे केंद्र नीट चालले, तर नोंदी आधी वाढणारच. त्या वाढल्या म्हणून केंद्राला नावे ठेवणे म्हणजे तापमापकावर रागावणे होय.

युगांडातील कंपाला शहरात ‘सासा’ या कार्यक्रमाची पाहणी २०१२ पर्यंत चालली. आठ वस्त्या निवडल्या. चारमध्ये काम केले, चार तुलनेसाठी ठेवल्या. काम झालेल्या वस्त्यांत पतीकडून होणारी मारहाण सुमारे निम्मी आढळली. वस्त्या थोड्या, म्हणून आकडा काळ्या दगडावरची रेघ नव्हे. पण रीत मला पटते.

आपल्याकडेही कार्यक्रमाआधी आणि दोन-तीन वर्षांनी बायांनाच विचारावे. एका घरातील एकीलाच, तेही एकटीला. सासू शेजारी येऊन बसली, तर सरळ मुलांच्या लसीकरणाची चौकशी करावी आणि उठावे.