मारुतीची गाडी : भरवसा वेगळा, मजबुती वेगळी

आपल्या व्यापारी बांधवांत गाडी घेण्याचा विषय निघाला की निकाल दोन मिनिटांत लागतो. "डोळे झाकून मारुती घ्या," असे म्हणणारे दहांत सातजण असतात. उरलेल्या तिघांपैकी एखादा दारावर बोट वाजवून दाखवतो आणि म्हणतो, "हा पत्र्याचा डबा आहे." गेली तीस वर्षे ही चर्चा मी मालेगावच्या पेढीवर, भिवंडीच्या गोदामात आणि आग्रा रोडवरच्या चहाच्या टपऱ्यांवर ऐकत आलो आहे. माझ्या मते दोन्ही पक्ष खरे बोलतात. फरक इतकाच की ते दोन निराळ्या गोष्टींविषयी बोलतात आणि गिऱ्हाईक मात्र त्या एकच समजून पैसे मोजतो.

कापडवाल्याला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. रंग पक्का असणे ही एक गोष्ट आणि वीण घट्ट असणे ही दुसरी. वीस धुण्यांत रंग न सोडणारे कापड रीड-पीकने इतके विरळ असू शकते की उन्हात धरले तर पलीकडचा माणूस दिसावा. "टिकाऊ माल आहे," एवढे सांगून दुकानदार मोकळा होतो. काय टिकते, रंग की कापड, हे विचारणे गिऱ्हाइकाचे काम आहे. गाडीच्या बाबतीत आपण ते विचारत नाही.

मारुतीचे नाव एवढे का रुजले, ते आधी पाहू. पहिली मारुती ८०० ची चावी दिल्लीत १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास होती. तोपर्यंत आपल्याकडे गाडी म्हणजे ॲम्बेसेडर, नाहीतर कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी. आमच्या वालिदांकडे जुनी पद्मिनी होती. ती चालू करणे हा सकाळचा एक स्वतंत्र कार्यक्रम असे. चोक ओढायचा, हवा घ्यायची, तरी नाही झाली तर दोन पोरांना हाक मारायची. घाट चढताना पाण्याचा कॅन सोबत ठेवलेला असेच. अशा काळात तीन सिलिंडरची, ७९६ सीसीची, चावी फिरवताच चालू होणारी गाडी आली. लोकांनी तिला डोक्यावर घेतले यात नवल नाही. ती जानेवारी २०१४ पर्यंत बनत राहिली आणि पंचवीस लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या.

पण आम्हा माल वाहणाऱ्यांची खरी गाडी ८०० नव्हती, मारुतीची व्हॅन होती. १९८४ साली ती आली, पुढे तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ मध्ये ती बंद झाली. इंजिन तेच ७९६ सीसीचे, पुढच्या सीटच्या खाली. दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे. मागचे सीट काढले की कोऱ्या कापडाचे तागे सरळ आडवे रचता येत. आम्ही ती चौदा वर्षे वापरली. मालेगाव ते भिवंडी सुमारे अडीचशे किलोमीटर. चांदवडचा राहुड घाट, मग नाशिक, मग कसारा घाट. या वाटेवर ती बंद पडली अशा वेळा मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकतो. त्यातही दोनदा दोष आमचा होता, कारण फॅनबेल्ट बदलायला सांगूनही आम्ही बदलला नव्हता.

आता दुसरी बाजू. व्यापार जरा बरा चालला तेव्हा मी एका बड्या कंपनीची मोठी गाडी घेतली. नाव घेत नाही, मात्र ती मारुती नव्हती आणि पुढे ज्या कंपन्यांची नावे येतील त्यांपैकीही नव्हती. दार लावले की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज ऐकूनच मी सही केली हे कबूल करतो. रमजानच्या सीझनला, म्हणजे आमच्या धंद्याचे जे पंचवीस दिवस असतात त्यातच, ती कसाऱ्याच्या अलीकडे उभी राहिली. एक सेन्सर गेला होता, तळहातावर मावेल एवढा. तो मालेगावात नाही, नाशिकात नाही, मुंबईतही नाही. एकोणीस दिवस गाडी वर्कशॉपमध्ये उभी आणि मी नमुन्यांचे गठ्ठे एस.टी.तून नेत होतो. आमचा मिस्त्री, ज्याला सगळे उस्ताद म्हणतात, त्याने एका वाक्यात निकाल दिला : "सेठ, गाडी चांगल्या घरची आहे, पण इथे तिचे नातेवाईक कोणी नाहीत."

उस्तादच्या त्या वाक्यात मारुतीच्या भरवशाचे सगळे रहस्य आहे असे मला वाटते. याचा सर्वांत मोठा पुरावा डिझेल स्विफ्टचा आहे. २००७ पासून स्विफ्ट डिझेलमध्ये आणि नंतर डिझायरमध्ये जे १.३ लिटरचे इंजिन आले, त्याची तारीफ करणारे टॅक्सीवाले आजही भेटतात. ते इंजिन मुळात फियाटचे. मारुती ते परवान्यावर बनवत होती. टाटांच्या काही गाड्यांतही तेच होते. खुद्द फियाटने २००९ साली पुंटो आणली. ती आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावला बनत होती. इंजिन जवळपास तेच आणि पत्रा मारुतीपेक्षा जड. कागदावर पाहिले तर पुंटो विकली जायला हवी होती. विकली गेली ती स्विफ्ट. पुंटो घेणाऱ्यांत गाडीवर प्रेम करणारे पुष्कळ होते, पण "पार्ट कुठे मिळेल?" या एका प्रश्नाने त्यांना हैराण केले. २०२० मध्ये बीएस-६ चे नियम लागू झाले त्याआधीच फियाटच्या गाड्यांची विक्री आपल्याकडे थांबली होती. मारुतीनेही एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केले, पण जुन्या डिझेल स्विफ्टला आजही कोणताही तालुक्याचा गॅरेजवाला हात लावतो.

म्हणजे आपण ज्याला मारुतीचा भरवसा म्हणतो तो निम्मा कारखान्यात तयार होतो आणि निम्मा गल्लीतल्या गॅरेजमध्ये. त्या गॅरेजांत डेंटिंग, वायरिंग, वेल्डिंग, सीटकव्हरची कामे करणारे हात बहुतेक आपल्याच पोरांचे आहेत. ८०० आणि ओम्नीवर शिकून दोन पिढ्या मिस्त्री झाल्या. कार्ब्युरेटर उघडायचा, साफ करायचा, बसवायचा. आता प्रत्येक गाडीत कॉम्प्युटर आहे आणि स्कॅनर लावल्याशिवाय दोष कळत नाही. ज्या पोराने स्कॅनर घेतला आणि तो वाचायला शिकला त्याच्याकडे रांग आहे, ज्याने नाही घेतला तो पंक्चर आणि ऑइल बदलण्यावर आला आहे. हा विषय मोठा आहे, त्यावर कोणी जाणकार मिस्त्रीने लिहावे.

या भरवशाचा रोकड फायदाही आहे. मारुतीची गाडी म्हणजे दर्शनी हुंडी. कोणत्याही गावात दाखवा, संध्याकाळपर्यंत पैसे हातात. २०२३-२४ साली देशात विकल्या गेलेल्या दहा कारपैकी चार मारुतीच्या होत्या, तेव्हा जुना माल घेणाराही मिळतोच. छोट्या व्यापाऱ्याला हे फार मोलाचे आहे. उधारी अडकली, सूत महागले, मुलीचे लग्न निघाले, तर गाडी मोडून भांडवल उभे करता येते.

येथवर मी मारुतीची वकिली केली. आता पत्र्यावर बोट वाजवणाऱ्याचे ऐकू या.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या भिंतीवर आदळून पाहिल्या. त्यांत मारुतीची आल्टो ८०० होती. मोठ्या माणसाच्या बचावासाठी तिला शून्य तारे मिळाले. त्याच वर्षी स्विफ्टलाही शून्य. २०१६ मध्ये ईको, म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणांची माल वाहण्याची गाडी, हिलाही शून्य. इतर कंपन्यांच्या गाड्याही यात नापास झाल्या, हे न सांगणे अन्यायाचे होईल, आणि या गाड्या एअरबॅग नसलेल्या होत्या हेही खरे. पण २०२३ मध्ये एअरबॅग असलेल्या वॅगन आरला एकच तारा मिळाला आणि आल्टो के-१० ला दोन. उलट नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरला पाच तारे मिळाले. म्हणजे मारुतीला मजबूत गाडी बनवता येत नव्हती असे नाही. आपण मागितली नाही. आपण विचारले, "किती देते?" आणि तिने ॲव्हरेज दिला.

ओम्नीत मी चौदा वर्षे पुढे बसलो. आज विचार येतो की त्या गाडीला पुढे बॉनेटच नव्हते. समोरचा ट्रक आणि माझे गुडघे यांच्यामध्ये काच, पत्रा आणि अल्लाहची मेहरबानी एवढेच होते. कसाऱ्यात धुके असताना त्याच गाडीत मी घरच्या लोकांना घेऊन गेलो आहे. गाडी कधी बंद पडली नाही म्हणून मी तिला चांगली म्हणत राहिलो. ती आदळली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मनात आलाच नाही.

म्हणून मालकाची साक्ष ऐकताना जरा सावध राहावे. ज्याने नवी गाडी घेऊन सहा महिने झाले आहेत तो कधी वाईट बोलत नाही. स्वतःच्या खरेदीला नावे ठेवणे म्हणजे स्वतःच्या अकलेला नावे ठेवणे. जो विकायला काढतो तोही बोलत नाही, कारण उघड आहे. मी तर मालकाला सोडून ड्रायव्हरला विचारतो, आणि तेही "गाडी कशी आहे?" असे नाही. "रस्त्यात किती वेळा उभी राहिली? कोणता पार्ट दोनदा बदलला? पार्ट यायला किती दिवस लागले?" लाख-दीड लाख किलोमीटर चालवलेला माणूस या तीन प्रश्नांची उत्तरे फुशारकी न मारता देतो. चौथा प्रश्न मी अलीकडे जोडला आहे : "कधी ठोकली का? ठोकल्यावर आतल्यांचे काय झाले?"

आता जी गोष्ट सांगण्यासाठी खरे तर लेखणी उचलली, ती. आपल्यातले बहुसंख्य लोक गाडी जुनी घेतात. माझ्या पुतण्याने तीन वर्षे चाललेली गाडी घेतली. कंपनी कोणती हे सांगत नाही, कारण दोष कंपनीचा कमी आणि पत्त्याचा जास्त होता. त्या मॉडेलच्या ब्रेकचा एक भाग कंपनीने फुकट बदलून देण्यासाठी गाड्या परत बोलावल्या होत्या. पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेले, फोनही त्यालाच गेला. तो गाडी विकून मोकळा झालेला. आमचे पोर वर्षभर त्या ब्रेकवर मालेगाव-धुळे करत होते. सर्व्हिसिंगला बाहेरच्या गॅरेजात जात असल्याने कंपनीच्या माणसाच्या नजरेलाही गाडी पडली नाही.

गाड्या परत बोलावणे हा प्रकार किती मोठा आहे याची आपल्याला कल्पना नाही. एकट्या मारुतीचे आकडे पाहा. २०१० मध्ये ए-स्टारच्या एक लाख गाड्या, पेट्रोल गळण्याच्या शक्यतेमुळे. २०१४ मध्ये एर्टिगा, स्विफ्ट आणि डिझायर मिळून १,०३,३११, पेट्रोल भरण्याच्या नळीसाठी. सप्टेंबर २०२१ मध्ये १,८१,७५४. जुलै २०२३ मध्ये एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९, स्टिअरिंगचा टायरॉड तुटू शकतो म्हणून. ही शेवटची ओळ ईकोवाल्या बांधवांनी पुन्हा वाचावी. त्या गाड्या ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या आहेत.

हे आकडे वाचून मारुतीला नावे ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. तागा विकल्यावर डाग सापडला आणि व्यापाऱ्याने स्वतः निरोप पाठवून तागा बदलून दिला, तर आपण त्याला बेईमान म्हणत नाही. ऐब लपवणारा वाईट, सांगणारा नव्हे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने तर सदोष गाड्या परत बोलावण्याचे आदेश देण्याचा अधिकारही सरकारला दिला आहे. पण निरोप आपल्यापर्यंत पोहोचलाच नाही तर त्या ईमानदारीचा आपल्याला उपयोग काय?

तेव्हा जुनी गाडी घेतली असेल तर आर.सी. बुकावरचा चासीस नंबर काढा. सतरा अक्षरे-आकड्यांचा तो नंबर कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये दाखवा आणि विचारा की या गाडीचे एखादे काम फुकट करून द्यायचे बाकी आहे का. मारुतीच्या वेबसाइटवरही हा नंबर टाकून पाहण्याची सोय आहे. पैसे लागत नाहीत. त्याच फेरीत आपले नाव आणि मोबाइल नंबर त्यांच्या दप्तरी नोंदवून घ्या, म्हणजे पुढचा निरोप आधीच्या मालकाकडे जाणार नाही. सी.एन.जी.ची गाडी असेल तर सिलिंडरची तीन वर्षांची तपासणी झाली आहे का, तेही पाहा. मुदत सिलिंडरला लावलेल्या पट्टीवर लिहिलेली असते.

पुतण्याचा ब्रेक दीड तासात बदलून मिळाला, एक पैसाही पडला नाही. वर चहाही पाजला. माझ्या दारात सध्या वॅगन आर आहे, एक लाख बेचाळीस हजार चाललेली. उस्ताद म्हणतो अजून पाच वर्षे काही होत नाही. मुलगा म्हणतो पाच ताऱ्यांची घ्या, अम्मीला घेऊन नाशिकला दवाखान्यात दर महिन्याला जावे लागते. त्याला काल सांगून टाकले की सूताचा भाव उतरला की दिवाळीनंतर पाहू, आणि तोवर रात्रीचा घाट बंद.