अक्षराचा पाय मोडताना



लग्नपत्रिकेवर, विहाराच्या फलकावर धम्मलिपीत, म्हणजे ब्राह्मीत, नावे लिहिण्याची हौस आपल्याकडे वाढली आहे. हौस चांगली आहे. पण 'अशोक' लिहिताना शेवटच्या 'क'चा पाय मोडायचा का, असा प्रश्न पडतो.

मोडू नये. बोलताना आपण 'अशोक्' म्हणतो, तरी देवनागरीत 'क'चा पाय मोडत नाही. ब्राह्मीतही तसेच. सोपाऱ्यास १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सापडलेला तुकडा घ्या की गिरनारचा लेख, अशोकाच्या लेखांत पाय मोडण्याची वेगळी खूणच नाही. त्यांची भाषा प्राकृत. तिचे शब्द स्वराने किंवा अनुस्वाराने संपतात, मग खूण हवी कशाला? गिरनारला 'प्रिय'सारखी जोडाक्षरे आहेत, ती एकाला एक जोडून कोरली आहेत. 'धम्म' हा शब्द तर 'धंम' असा अनुस्वार देऊन लिहिला आहे. पुढे संस्कृत लेख आले, तेव्हा शब्दाच्या शेवटी पाय मोडण्याची गरज पडली.

संगणकात प्रत्येक अक्षराला युनिकोडचा ठरावीक क्रमांक असतो. ब्राह्मीला ते क्रमांक २०१० साली मिळाले. त्यात 'विराम' ही खूण एक, पण कामे दोन. दोन व्यंजनांच्या मध्ये टाकली की जोडाक्षर होते व खूण दिसत नाही. शब्दाच्या शेवटी टाकली की पाय मोडलेला दिसतो.

जुन्या तमिळ लेखांत ही सोय अपुरी पडली. तमिळमध्ये पुष्कळ शब्द व्यंजनाने संपतात. तेथे अक्षरावर ठिपका देत, पण पुढचे अक्षर त्याला जोडत नसत. साध्या विरामाने संगणक दोन्ही अक्षरे जोडून टाकणार! म्हणून २०२१ साली त्या ठिपक्याला स्वतंत्र क्रमांक देण्यात आला. एका ठिपक्याचीही एवढी काळजी घ्यावी लागते.

आपण काय करावे? काही फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी ब्राह्मीची नुसती चित्रे बसवलेली असतात. तो मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक अक्षरे दिसतात, शोधूनही सापडत नाही. छपाईवाल्याला युनिकोड ब्राह्मी फाँट वापरायला सांगा. 'नोटो सॅन्स ब्राह्मी' फुकट मिळतो. छापण्यापूर्वी जोडाक्षरे खरोखर जुळली आहेत का आणि नावाच्या शेवटी उगाच पाय मोडलेला नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्या.

दगडावरची अक्षरे बावीसशे वर्षांनंतरही वाचता येतात. आपली पत्रिका निदान नातवंडांना तरी वाचता यावी.