आकाशात लाईट गेली तर?

शहापूर-मुरबाडच्या गावांत पावसाळ्यात लाईट गेली तर कुणी दचकत नाही. मेणबत्ती कुठल्या फळीवर आहे, हे लहान पोरांनाही ठाऊक असते. पण उमराहला पहिल्यांदाच निघालेल्या आयाबाया आम्हाला हमखास विचारतात, विमानात लाईट गेली तर काय हो?

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. विमान आपली वीज स्वतःच तयार करते. प्रत्येक इंजिनाला जनित्र असते, एक बंद पडले की दुसरे भार उचलते. शिवाय शेपटीत एक छोटे जादा इंजिन आणि वर बॅटऱ्या. वीज कमी पडली तर आधी चहाचे पाणी तापवणे बंद होते, वैमानिकाची उपकरणे नव्हे. म्हणून केबिनमध्ये अंधार झाला म्हणजे सर्व संपले, असे मुळीच नाही.

खरी भीती वेगळीच आहे. दिवे चालू, इंजिने ठणठणीत, आणि एकच उपकरण खोटे सांगू लागते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे जंबो विमान सांताक्रूझहून दुबईला निघाले. खाली काळा समुद्र, क्षितिज दिसेना. अशा वेळी विमान कललेले आहे की सरळ, हे अंगाला कळत नाही. समोरच्या तबकडीवरच भिस्त. उजवे वळण घेऊन विमान सरळ झाले, पण कॅप्टनसमोरची तबकडी मात्र ते अजून उजवीकडेच कललेले दाखवत राहिली. त्यांनी विमान डावीकडे झुकवले, आणखी झुकवले. उड्डाणानंतर दोन मिनिटेही झाली नव्हती. विमान वांद्र्यासमोर समुद्रात गेले. २१३ माणसे गेली.

जीव हळहळतो तो पुढच्या गोष्टीने. कॉकपिटमध्ये तशा तीन तबकड्या होत्या. त्यांतली एक छोटी, राखीव. त्या तबकडीवर जाऊ नका, असे फ्लाइट इंजिनिअरने कॅप्टनना सांगितलेही, पण तोवर वेळ उरली नव्हती. आज वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये मुद्दाम उपकरण बिघडवून शिकवतात: तिन्ही ताडून पाहा, जुळतात त्या दोन धरा.

आपल्या हातचे तेवढे आपण करावे. पॉवर बँक मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी. मोबाईल सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करू नये. चेपलेली बॅटरी पेट घेते. कर्मचाऱ्यांना बोलवावे. जळका वास आला तरीही तसेच. इंग्रजी येत नाही म्हणून आपल्या बायका गप्प बसतात. नुसते बोट दाखवले तरी पुरते.