शोक म्हणजे अश्रद्धा नव्हे

तरुण मुलगा गेलेल्या घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते आणि त्या आईच्या कानावर ठरावीक वाक्ये पडत राहतात. ‘रडू नकोस, त्याच्या आत्म्याला त्रास होतो.’ ‘देवाला चांगलीच माणसं लागतात.’ ‘एवढी पोथी वाचतेस, मग धीर कसा सोडलास?’ यातले शेवटचे वाक्य सर्वांत क्रूर आहे. मुलगा तर गेलाच, वर तिची भक्तीही खोटी ठरवली जाते.

या बोलण्याला आधार दिला जातो तो गीतेच्या नवव्या अध्यायातल्या आश्वासनाचा. अनन्य भक्तांच्या योगक्षेमाचा भार भगवंत तिथे स्वतःकडे घेतात. त्यावरून भाविक म्हणतो, देव काळजी वाहत असताना शोक करणे हा अविश्वास. नास्तिक म्हणतो, मुलगा मेला, म्हणजे वचनच खोटे. मला दोन्ही मते अमान्य आहेत. भक्ताच्या वाट्याला वियोग येणार नाही, अशी हमी त्या श्लोकात आहे असे दोघेही धरून चालतात आणि तिथेच दोघे चुकतात.

भाविकाचा आधार भक्कम दिसतो. कृष्णाचा उपदेश सुरूच होतो तो अर्जुनाचा शोक अस्थानी ठरवून. पण तो उपदेश शस्त्र टाकून बसलेल्या योद्ध्याला, युद्ध सुरू होण्याआधी केलेला आहे. पुढे तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला, तेव्हा सगळी गीता ऐकलेला हाच अर्जुन धाय मोकलून रडला. कृष्णाने त्याला सावरले, पण गीता ऐकूनही रडतोस कसा, असे विचारले नाही. सुभद्रेचे सांत्वन करायलाही तो स्वतः गेला आणि तिचा आकांत त्याने ऐकून घेतला.

नास्तिकाचा प्रश्न रास्त आहे. न मिळालेले मिळवून देणे आणि मिळालेले राखणे, असा योगक्षेमाचा अर्थ शंकराचार्यांनीच सांगितला आहे. मग मुलगा का राखला नाही? पण हा प्रश्न महाभारताने दडवलेला नाही. वचन आहे भीष्मपर्वात, आणि लगेच पुढच्या द्रोणपर्वात वचन देणाऱ्याच्या बहिणीचा मुलगा मारला जातो. युद्धाच्या अखेरीस द्रौपदीचे पाचही मुलगे रात्रीच्या हल्ल्यात कापले जातात. देहाला मरण येऊ न देणे हा त्या वचनाचा अर्थ असता, तर ते देणाऱ्या ग्रंथाने या कथा सांगितल्याच नसत्या.

मग वचन कशाचे? सोबतीचे. अभिमन्यू गेल्यावरही अर्जुनाच्या घोड्यांचे लगाम कृष्णाच्याच हाती होते.

तुकोबांचे चरित्र हेच सांगते. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा धंदा बुडाला आणि एक बायको अन्नावाचून मेली. त्या दुःखाने आपण त्रासलो, लाज वाटली, हे त्यांनीच अभंगात नोंदवले आहे. पुढे त्यांनी मोडकळीला आलेले देऊळ सावरायला घेतले आणि विठ्ठलाला खडे बोलही सुनावले. दिवाळे निघाले ते बरेच झाले, असेही ते एका अभंगात म्हणतात आणि सांत्वन करणारे नेमके तेवढेच उचलतात. पण ते म्हणण्याचा अधिकार ज्याचे घर बुडाले त्याचा. भेटायला आलेल्याचा नव्हे. देवाशी भांडणारा देवाला सोडून गेलेला नसतो. त्याची तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

मरण का आले, याचे उत्तर या वचनात नाही आणि ते आपण बनवून देऊ नये. कुणाची निराशा जीव नकोसा होण्यापर्यंत गेली, तर त्याला डॉक्टरकडे न्यावे. त्यात श्रद्धेला कमीपणा नाही.

दुःखाच्या घरी जाल तेव्हा श्लोकाचा अर्थ सांगू नका. त्या आईला रडू द्या, देवाला दोष देऊ द्या. जेवणाचा डबा न्या, गप्प बसून राहा आणि तेरावा उरकल्यावर, माणसांची वर्दळ थांबली की, पुन्हा जा.