बेकार की अपंग?

अर्थशास्त्राच्या वर्गात वर्षानुवर्षे मी एक व्याख्या फळ्यावर लिहीत आलो : प्रचलित वेतनावर काम करण्यास जो सक्षम आहे, इच्छुक आहे, आणि तरीही ज्याला काम मिळत नाही, तो बेकार. पॉवर प्रेसमध्ये बोटे गमावलेला कामगार या व्याख्येत कोठे बसतो, हे एकाही विद्यार्थ्याने मला विचारले नाही. मीही स्वतःला विचारले नाही.

कायद्यानेही हा प्रश्न टाळला आहे. कामगार राज्य विम्यात 2005 साली बेकारी भत्त्याची योजना आली. कारखाना बंद पडला, कामगारकपात झाली, किंवा कामाबाहेरच्या इजेमुळे किमान 40 टक्के कायमचे अपंगत्व आले, तर भत्ता. कामावर झालेल्या इजेला त्यात स्थान नाही. त्यामागचा तर्क उघड आहे : अशा इजेसाठी 1948 च्या कायद्याने अपंगत्व-लाभ दिलेलाच होता, मग दुहेरी दान कशाला?

हिशेब मांडला की या तर्काचा पोकळपणा दिसतो. संपूर्ण अपंगत्वाचा लाभ वेतनाच्या 90 टक्के. वैद्यकीय मंडळाने अर्जनक्षमता 20 टक्क्यांनी घटली असे ठरवले, तर लाभ उरतो 18 टक्के. म्हणजे दरमहा 15,000 मिळवणाऱ्याला सुमारे 2,700 रुपये! उरलेली 80 टक्के क्षमता बाजारात विकली जाईल, असे यात गृहीत आहे. पण ऐंशी टक्के माणूस कोणता मालक कामावर ठेवतो? तो त्याला 'सततच्या अनारोग्या'च्या सबबीवर काढतो, आणि 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार अशी बडतर्फी 'कपात' ठरत नसे. दृष्टी अधू झालेल्या राजस्थानातील एस.टी. चालकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली हाच अर्थ मान्य केला. पर्यायी काम किंवा जादा भरपाई देण्यास सांगितले, एवढाच दिलासा. म्हणजे कपात नव्हे, म्हणून भत्ता नसे. इजा कामावरची, म्हणूनही भत्ता नाही. घरी पाय मोडलेला कामगार या बाबतीत अधिक भाग्यवान म्हणायचा!

याच न्यायालयाने 1975 साली, डावा हात गमावलेल्या एका सुताराला, एका हाताने सुतारकाम होत नाही एवढ्या साध्या कारणावरून शंभर टक्के अपंग ठरवले होते. तेथे अवयवांचा तक्ता बाजूला सारून माणसाचा व्यवसाय पाहिला गेला.

अपंगत्व-लाभ हे शरीराच्या हानीचे देणे आहे. बेकारी भत्ता हे गेलेल्या नोकरीचे. एक दिले म्हणून दुसरे फिटत नाही. तेव्हा योजनेतील 'कामाबाहेरच्या' ही अट काढून टाकावी, आणि अपंगत्व-लाभातून एक पैसाही न कापता भत्ता द्यावा, ही मागणी कामगार संघटनांनी आता लावून धरली पाहिजे.