विश्लेषण : बँकेतून ‘प्रायव्हेट इक्विटी’त जाता येते का? रस्ता आहे, पण सरळ नाही!

सरकारी बँकेत क्रेडिट ऑफिसर म्हणून पाच-सहा वर्षे काढलेल्या, तिशीच्या उंबरठ्यावरच्या अनेकांना वांद्रे-कुर्ला संकुलातले दुसरे जग खुणावते. तिथेही कंपन्यांचे ताळेबंदच वाचतात, मग पगारात एवढे अंतर का, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. मात्र मोबाइलवर रोज येणाऱ्या कोर्सच्या जाहिरातींना भुलून राजीनामा टाकण्याआधी हा धंदा चालतो कसा, हे समजून घ्यायला हवे.

ताळेबंद तोच, प्रश्न वेगळा

बँक अधिकारी विचारतो, पैसे परत येतील का? स्टॉक स्टेटमेंट, ड्रॉइंग पॉवर, डीएससीआर, तारण ही त्याची सगळी हत्यारे तोटा टाळण्यासाठी असतात. समजा, १०० कोटींच्या कर्जावर खर्च वजा जाता बँकेला वर्षाला ३ टक्के सुटतात. असे एक कर्ज पूर्ण बुडाले, की तशाच ३३ कर्जांची वर्षभराची कमाई गेली! उलट कर्जदार कंपनी दहापट मोठी झाली, तरी बँकेला मिळते ते ठरलेले व्याजच.

प्रायव्हेट इक्विटी फंड मालकीतच वाटा घेतो. गुंतवणूक दरवर्षी २५ टक्क्यांनी वाढली, तर १०० कोटींचे पाच वर्षांत ३०५ कोटी होतात. दहापैकी तीन गुंतवणुका बुडाल्या, तरी दोन-तीन मोठ्या झाल्या की फंड तरतो. म्हणून तिथे कळीचा प्रश्न असतो, ‘ही कंपनी पाच वर्षांनी कोणाला आणि किती किमतीला विकाल?’ शाखेत हा प्रश्न कधी पडतच नाही. इन्व्हेस्टमेंट बँकरचे काम आणखी वेगळे. तो आयपीओ किंवा विलीनीकरणाचा व्यवहार जुळवतो आणि फी घेतो.

दोष एकट्या अधिकाऱ्याचा नाही. एका कंपनीने दुसरी विकत घ्यावी यासाठी कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना वर्षानुवर्षे बांधून ठेवले होते. हे दार उघडण्याचा प्रस्ताव ऑक्टोबर २०२५ मध्ये आला. जे काम बँकेत होतच नव्हते, त्याचा अनुभव अधिकाऱ्याने आणायचा कुठून?

‘त्यांनी केले, मग मी का नाही?’

उदाहरण हमखास दिले जाते ते रेणुका रामनाथ यांचे. व्हीजेटीआयमधून टेक्स्टाइल इंजिनीअर झालेल्या रामनाथ आयसीआयसीआय समूहात वाढल्या आणि २००९ मध्ये त्यांनी ‘मल्टिपल्स’ हा फंड उभा केला. त्याच वर्षी सिटी बँकेचे संजय नायर ‘केकेआर’मध्ये गेले. पण प्रेरणादायी पोस्टमध्ये एक गोष्ट गाळली जाते. रामनाथ यांनी आधी समूहातच ‘आयसीआयसीआय व्हेंचर’ चालवले होते आणि नायर सिटीचे भारतातील प्रमुख होते. शाखेतून थेट उडी दोघांपैकी कोणीच मारलेली नाही.

उडीची किंमतही पाहायला हवी. नोकरीच्या बाँडमधली रक्कम भरायची तयारी लागते. विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांआधी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. नामांकित आयआयएमच्या दोन वर्षांच्या एमबीएचा खर्च २५ लाखांच्या पुढे जातो आणि तेवढा काळ पगार बंद. घरावर आधीच हप्ता असेल, तर हा जुगारच.

बाजूचा दरवाजा

त्यापेक्षा कमी चर्चेत असलेली वाट अधिक खरी वाटते. सेबीच्या २०१२ च्या एआयएफ नियमांतील दुसऱ्या श्रेणीत कर्ज देणारे फंडही येतात. हे ‘प्रायव्हेट क्रेडिट’ फंड आणि थकीत कर्जे विकत घेणारे फंड यांना कर्ज बुडते कसे, हे जवळून पाहिलेला माणूस उपयोगी पडतो. कन्सोर्टियमच्या बैठकीत प्रवर्तक काय सांगतो आणि काय लपवतो, हे एमबीएच्या वर्गात शिकवत नाहीत. स्टेट बँकेची ‘एसबीआय कॅपिटल मार्केट्स’ १९८६ पासून मुंबईत आहे. अशा उपकंपनीत जाण्याची संधी मिळाली, तर ती सोडू नये.

म्हणजे राजीनाम्याआधी मागायची ती मोठ्या कॉर्पोरेट कर्जांच्या किंवा वसुलीच्या विभागातली बदली. वसुलीचा विभाग सहसा कोणी मागून घेत नाही, त्यामुळे तिथला अर्ज मंजूर होण्याची शक्यता जास्त.