वारा सर्वांचा, सवलत कोणाची?

साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरील जुन्या पवनचक्क्यांपैकी अनेकींत साधी इंडक्शन जनित्रे बसविली गेली. वाऱ्याचा वेग बदलला तरी ती जवळजवळ एकाच गतीने फिरतात. साहजिकच काही ऊर्जा निसटते. गती बदलू शकणारी जनित्रे ती पकडतात. परंतु मालकाला त्याची निकड का वाटावी? २००२ पर्यंत पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळू शके. वीज किती निघाली, हे तो देताना विचारले जात नसे. युनिटामागे ५० पैसे देण्याची केंद्राची योजना २००९ मध्ये आली, २०१७ मध्ये संपली. आता जुन्या यंत्रांच्या जागी नवी बसविण्याचा प्रश्न आहे. वारा ही सार्वजनिक संपत्ती आहे. तेव्हा प्रत्येक सवलत निघालेल्या युनिटांशी बांधावी आणि त्यांत पठारावरील गावांना वाटा द्यावा, ही मागणी पुणे-साताऱ्याच्या कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे.